त्राटिकेचा आजीवन परवाना

फाल्गुनातल्या एका शनिवारी सकाळी ‘शब्दमोर’ने देवानंद वारघडेला ओळख दाखवायचं नाकारलं आणि तिथून सगळं सुरू झालं.

‘शब्दमोर’ म्हणजे मराठी टायपिंगचं सॉफ्टवेअर. देवानंदाने ते २००९ साली नाशिकहून एसटीने आणलं होतं. त्र्यंबक सोडल्यावर वळणं लागली तेव्हा त्याने खोकं तान्ह्या मुलासारखं दोन्ही हातांनी कवटाळलं होतं. हो, खोकं. त्या काळी सॉफ्टवेअर खोक्यात यायचं. आत सीडी, एक जाडजूड पुस्तक आणि सोनेरी किनारीचं प्रमाणपत्र. त्यावर ठळक अक्षरांत ‘आजीवन परवाना’ आणि खाली कुणाची तरी खरीखुरी शाईची सही. आता हवेतून काहीतरी उतरतं आणि हवेतच जातं. त्याला ना वास, ना वजन. देवानंदाने ते प्रमाणपत्र फ्रेम करून जव्हारच्या आपल्या दोन खोल्यांच्या घरात लग्नाच्या फोटोशेजारी टांगलं. पाहुणे विचारत, “भाऊसाहेबांना कसला पुरस्कार मिळाला?” भाऊसाहेब नुसते हसत. वरिष्ठ लिपिकाला आयुष्यात पुरस्कार मिळण्याचे प्रसंग फार येत नाहीत, त्यामुळे आलेला गैरसमज कोणी दवडत नाही.

तर त्या शनिवारी पडद्यावर अक्षरं उमटली : ‘आपला परवाना संपला आहे. कृपया वार्षिक सभासदत्व घ्यावे.’

देवानंदाने आधी भिंतीवरच्या फ्रेमकडे पाहिलं, मग आरशात पाहिलं. आजीवन परवाना संपला म्हणजे नक्की कोणाचं जीवन संपलं?

कंपनीला फोन लावला. अर्धा तास सतार ऐकल्यावर एक गोड आवाजाची मुलगी भेटली. शब्दमोरची कंपनी एका मोठ्या कंपनीने विकत घेतली होती आणि त्या मोठीला आणखी मोठीने गिळलं होतं. मुलगी म्हणाली, “सर, आजीवन म्हणजे तुमचं नाही, त्या आवृत्तीचं. ती आवृत्ती आता नाही.”

“कधी गेली?”

“सर, मागच्या मंगळवारी.”

सवयीने देवानंदाच्या तोंडून “फार वाईट झालं” असं निघून गेलं. मग भानावर येऊन त्याने तक्रार नोंदवली. तक्रारीसाठी मूळ पावती हवी होती. पावतीसाठी नाशिकचं दुकान हवं होतं. आणि त्या दुकानाच्या जागी आता मोमो मिळत होते.

खालच्या मजल्यावर येसूभाऊ राहत. एसटी डेपोतून निवृत्त झालेले. जगातली कुठलीही अडचण ते तिकीट आणि पास या दोनच खात्यांत बसवत. सगळं ऐकून ते म्हणाले, “भाऊसाहेब, तुम्ही काढला पास. पण गाडीच बंद झाली. आता पास घेऊन स्टँडवर बसा, कोण नको म्हणतंय?”

बरं, घाई अशी होती की बोहाडा, म्हणजे मुखवटे घालून सोंगं नाचवायचा उत्सव, जवळ आला होता. देवानंदाचं मूळ घर पोशेऱ्याच्या पुढच्या करवंदपाड्यावर. पाड्याच्या बोहाड्यात कुठल्या क्रमाने कुठलं सोंग निघणार, ते कुठल्या घरचं, याचं पत्रक दरवर्षी देवानंद शब्दमोरमध्ये करून द्यायचा. पाड्याला त्याचा तेवढाच उपयोग होता, असं तो नम्रपणे म्हणायचा. लोकही ते खोडून काढत नसत.

हाताने लिहून पत्रक पाच मिनिटांत झालं असतं. पण प्रश्न आता पत्रकाचा राहिला नव्हता, तत्त्वाचा झाला होता. आणि मध्यमवर्गीय माणसाला एकदा तत्त्व चावलं की उतारा नाही.

इंटरनेटवर ‘संगणक आणि समाज’ नावाचा एक गट होता. सभासद अकरा हजार, त्यांतले बोलणारे आठ. देवानंद नववा झाला. तीन आठवड्यांत त्याने मक्तेदारी, परवाना करार, स्पर्धा आयोग, मुक्तस्रोत असे शब्द आत्मसात केले आणि ते ऑफिसातही वापरू लागला. खालच्या टपरीचा चहा पाणचट झाला, तर “स्पर्धा नसली की गुणवत्ता घसरतेच” असं तो फाइलीतून मान वर न करता म्हणे. घरी बायकोने, चंदनाने, भाकरीबरोबर तिसऱ्यांदा तीच भाजी वाढली, तेव्हा ग्राहकाला पर्याय असला पाहिजे असं त्याने सुचवून पाहिलं. “समोर खानावळ आहे,” चंदना म्हणाली. बाजारपेठ खुली होती, पण देवानंदाने ती भाजी मुकाट्याने खाल्ली.

गटावर त्याचा मुख्य वैरी ‘पुणेरी पेंग्विन’. खरं नाव कुणालाच माहीत नाही. त्याचं म्हणणं, सॉफ्टवेअर हे विहिरीच्या पाण्यासारखं सगळ्यांचं असावं; मालकीच नको. देवानंदाचं म्हणणं, मालकी हवी, पण दिलेला शब्द पाळायला हवा. रोज संध्याकाळी दोघे एकमेकांची अक्कल काढत. मध्येच एकदा पेंग्विनने जुन्या, पिवळ्या पडलेल्या कीबोर्डचा फोटो टाकला. मग भांडण थांबलं आणि दोघेही दोन तास फ्लॉप्या आठवत बसले. टायपिंग क्लासमधल्या यंत्रांचा तो पत्र्यावर गारा पडल्यासारखा आवाज, रिबिनीने काळी झालेली बोटं, परीक्षेच्या दिवशी अडकलेला ‘क्ष’. देवानंदाला जव्हारचं वसतिगृह आठवलं. नागलीची भाकरी फडक्यात बांधून बाबा यायचे आणि आत न येता फाटकाशी उकिडवे बसून राहायचे. का कोण जाणे, त्याने हे पेंग्विनला लिहिलंही. दुसऱ्या दिवशी दोघे पुन्हा अक्कल काढायला मोकळे.

मग एके दिवशी देवानंदाने आपलं ब्रह्मास्त्र काढलं.

“आमच्या मोखाड्याकडे बोहाडा असतो,” त्याने लिहिलं. “देवांची आणि राक्षसांची सोंगं मुखवटे घालून नाचतात. कुठलं सोंग कुठल्या घराने नाचवायचं हे पणजोबांच्या काळापासून ठरलेलं. गणपती एका घरचा, भीम दुसऱ्या घरचा. आमच्या घरी त्राटिका. कुणी मध्येच येऊन म्हणत नाही की त्राटिकेची नवी आवृत्ती आली, आता दरवर्षी नूतनीकरण करा. याला म्हणतात आजीवन परवाना!”

लोक खूश झाले. नऊशे अंगठे उठले. देवानंदाने ते चंदनाला दाखवले. “नऊशे लोकांना कळलं, की तुम्ही राक्षसीण होता,” ती म्हणाली. बायकांना वैचारिक विजयाचं महत्त्व कळत नाही, हे त्याने मनातच नोंदवलं.

तेवढ्यात पेंग्विन आला. “छान. मग दुसऱ्या घरातला कुणी तुमच्याहून चांगला नाचत असेल आणि त्याला त्राटिका हवी असेल तर?”

“नाही मिळत.”

“म्हणजे मक्तेदारीच की! कंपनीने केली तर अन्याय, वारघड्यांनी केली तर परंपरा?”

देवानंदाने चार उत्तरं लिहिली आणि चारही पुसली. नऊशे माणसं बघत होती. शेवटी तो पेटला आणि त्याने लिहून टाकलं : ‘मक्तेदारी कुणाचीही असो, परदेशी कंपनीची असो की माझ्या घरची, ती मोडलीच पाहिजे!’

“मानलं बुवा,” पेंग्विन म्हणाला. त्या दिवशी देवानंद छाती काढून सनसेट पॉइंटपर्यंत फिरून आला.

आता करवंदपाड्यावर रेंज येण्यासाठी टेकाडावर चढावं लागतं, पण बातमीला टेकाड लागत नाही. ते वाक्य कुणीतरी पाड्याच्या ग्रुपवर टाकलं आणि गुरुवारी ढवळूबाबांचा फोन आला. ढवळूबाबा बोहाड्याचे कारभारी, वय सत्तरच्या वर.

“देव्या, तुना लिव्हलेला आखे पाड्याने वाचला. बेस लिव्हलास.”

“असं का? आभारी आहे, बाबा.”

“मंग आयतवारी ये. तुने घरापासून चालू करू.”



रविवारी गावदेवीपुढच्या मांडवात पाडा जमला होता. भीमवाले, मारुतीवाले, रावणवाले, सगळे गंभीर चेहऱ्याने बसलेले. ढवळूबाबांनी सांगितलं ते थोडक्यात असं : त्राटिका नाचायची इच्छा बुध्याच्या मुकेशला आहे. मुकेश चौतिशीचा, पावसात शेती आणि उन्हाळ्याआधी ठाण्याच्या बांधकामावर. आजवर तो गप्प होता, कारण हक्क वारघड्यांचा. आता वारघडेच जगाला सांगतायत की हक्क मोडा, तर पाड्याने ऐकायला नको का?

मुकेश जमिनीकडे बघत म्हणाला, “दादा, मी काय भांडाया नाय आलू. तू लिव्हला म्हनून बोललू.”

खरं तर देवानंदाने इथे हसून मान हलवायला हवी होती. पण त्याच्या डोळ्यांसमोर बाबा आले. नवसू वारघडे. त्यांची त्राटिका बघायला तलासरीकडून माणसं यायची, म्हणे. ‘म्हणे’ अशासाठी, की देवानंदाने ती दहा वर्षांचा होईपर्यंतच पाहिली. पुढे वसतिगृह लागलं, आणि बोहाडा नेमका परीक्षेत यायचा. मग नोकरी, मग मार्चअखेर. बाबा गेल्यावर बारा वर्षं तोच त्राटिका नाचत होता. नाचत होता म्हणजे मुखवटा घालून मांडवाला फेरी मारत होता. तरी वर्षातल्या त्या एका फेरीत तो भाऊसाहेब नसायचा, नवसूचा पोरगा असायचा. पाड्याशी त्याला बांधणारा तेवढाच एक धागा उरला होता, आणि तो त्याने आपल्याच हाताने, नऊशे अंगठ्यांसाठी, कापायला दिला होता.

म्हणून त्याने बचाव केला. आणि बोलता बोलता त्याच्या तोंडून भलतंच काही निघू लागलं. तो म्हणाला, की लिहिलेलं वाक्य तत्त्वतः होतं, प्रत्यक्षात लागू नव्हतं. मोडणे या शब्दाचा अर्थ टप्प्याटप्प्याने घ्यायचा असतो. मुकेशला हवं तर भीमाच्या मागचा राक्षस देता येईल, अटींसह. आपण कुठे ऐकलंय हे, असा विचार करता करता त्याला त्या मुलीचा गोड आवाज आठवला आणि त्याचे कान गरम झाले.

कोपऱ्यात बसलेली रुपीआत्या, बाबांची सख्खी बहीण, डोळ्यांनी जवळजवळ अधू, मोठ्याने म्हणाली, “ह्यो कोन बोलतं? ह्यो आपला देव्या नाय. ह्यो फोनमधला मानूस दिसतं.”

सगळे हसले. ढवळूबाबांनी निवाडा केला : देवानंदाने हक्काचा कागद आणावा, नाहीतर पुढच्या रविवारी दोघांनी नाचून दाखवावं, पाडा ठरवील.

कागद! पणजोबांना त्राटिका जव्हार संस्थानच्या राजाने दिली, असं घरात सांगत. देवानंद एका कार्यालयाच्या जुन्या अभिलेखांच्या खोलीत गेला. तिथल्या बाबूंनी चष्मा कपाळावर चढवून अर्ज वाचला. “त्राटिका. हे गावठाणात येतं की वनजमिनीत?”

“ते सोंग आहे, साहेब.”

“स्थावर की जंगम?”

“नाचतं.”

“मग जंगम,” असं म्हणून बाबूंनी तीन प्रतींत अर्ज मागितला. तीन दिवसांनी उत्तर आलं : सदर मिळकतीची नोंद आढळून येत नाही, अर्जदारास ताबा सिद्ध करावयाचा असल्यास मागील तीस वर्षांच्या वीजबिलाच्या प्रती जोडाव्यात. देवानंदाने स्वतः एकोणतीस वर्षं असली उत्तरं लिहिली होती. ते आपल्याला आलं की कसं लागतं, हे त्याला पहिल्यांदाच कळलं.

उरला नाच. पोटमाळ्यावरून त्याने आईच्या लुगड्यात गुंडाळलेला मुखवटा काढला. कागदाच्या लगद्याचा, बाहेर आलेली लाल जीभ, बटाट्याएवढे डोळे. पुढचे तीन दिवस संध्याकाळी सराव. टाळी वाजवायला चंदना. पहिल्याच उडीला येसूभाऊ वर आले. “भाऊसाहेब, छताची माती आमच्या आमटीत पडतेय.” मग त्यांनीच सल्ला दिला, की राक्षसीण असली तरी बस सुटल्यासारखी धावू नये, आधी बेल, मग गिअर. तिसऱ्या दिवशी उजवा गुडघा सुजला. चंदनाने हळद लावता लावता विचारलं, “इतकं का लावून घेताय?”

“बाबांचं आहे ते,” तो म्हणाला.

गटावर त्याने ‘एका मित्राची अडचण’ म्हणून सल्ला मागितला : घराण्याचा हक्क टिकवण्यासाठी काय युक्तिवाद करावा? पेंग्विनने लगेच लिहिलं, “वारघडे, तुम्हाला कंपनीने विकत घेतलं काय?” त्यावर चारशे अंगठे. इतका अपमान त्याचा मार्चअखेरीलासुद्धा कधी झाला नव्हता.

रविवार उजाडला. सकाळचे नऊ, कोवळं ऊन, संबळवाला तयार. आधी देवानंद. त्याने मुखवटा बांधला, पाठ केलेली सगळी पावलं बरोबर क्रमाने टाकली. उजवीकडे तीन, डावीकडे तीन, गिरकी, आरोळी. एकही चुकलं नाही. पण मुलं बोरं खात राहिली आणि पुढे बसलेलं कुत्रं आडवं झालं. शेवटच्या गिरकीत गुडघा बोलला आणि त्राटिका मांडवाच्या खांबाला धरून उभी राहिली. टाळ्या पडल्या. आजारी माणूस दवाखान्यातून घरी आल्यावर लोक जसं बरं बोलतात, तशा त्या टाळ्या होत्या.

मग मुकेश. त्याने मुखवट्याला हात लावून पाया पडून घेतलं आणि बांधला. संबळ सुरू झाली तरी तो हललाच नाही. नुसता उभा. मग मुखवट्याचं नाक हळूच वर झालं. त्राटिका माणसांचा वास घेत होती. एकेका रांगेवरून ते नाक फिरलं आणि मुलांच्या हातातली बोरं हातातच राहिली. मग ती मध्येच खाली बसली, आपल्या जटांत बोट घालून तिने एक ऊ शोधली, चिमटीत धरून निरखली, आणि मोठ्या आदराने ढवळूबाबांना देऊ केली. मांडव हसून लोळला. आणि त्या हशातच तिने अशी झेप घेतली, की पुढच्या दोन रांगांतली माणसं मागच्यांच्या अंगावर पडली आणि कुत्रं थेट ओढ्यापलीकडे गेलं.

देवानंद खांबाला धरून उभा होता. तो आठ वर्षांचा झाला होता. आईच्या मांडीत तोंड खुपसलेला आणि बोटांच्या फटीतून बघणारा. ते नाक, ती ऊ, ते बसणं, डावा खांदा जरासा पाडून घेतलेली ती झेप. ही मुकेशची त्राटिका नव्हती.

“हे त्याला कुणी दाखवलं?” नाच संपायच्या आतच तो शेजारी उभ्या असलेल्या बुध्याला, मुकेशच्या बापाला, विचारत होता. “मुकेशला कुणी शिकवलं?”

बुध्या चाचरला. मग म्हणाला, “नवसूबाबाने. धा वरसं शिकवला. तुने दारापुढंच. आमाला शपथ घातलती. म्हनला, देव्या सायब झालाय, त्याला सांगू नोका, त्याचा जीव दुखंल. हक्क त्याचाच राहू द्या. पन सोंग मराया नको.”

गेली बारा वर्षं देवानंद परवाना सांभाळत बसला होता, आणि बाबांनी त्याची बिनपरवान्याची प्रत केव्हाच काढून ठेवली होती. त्याला राग यायला हवा होता. थोडा आलाही. आपण नव्हतो, म्हणूनच बाबांना दुसऱ्याचा पोरगा शोधावा लागला होता. पण समोर तो खांदा पडत होता, नाक फिरत होतं, आणि बारा वर्षांपूर्वी गेलेला माणूस उन्हात उभा राहून धापा टाकत होता. देवानंद रडला. वरिष्ठ लिपिकाने चारचौघांत रडू नये, पण रडला.

ढवळूबाबांनी निकाल विचारायला तोंड उघडलं. त्यांच्या आधी रुपीआत्या बोलली. संबळ थांबली होती आणि तिला त्या दम टाकण्याचा आवाज तेवढा ऐकू येत होता. तिने मान तिकडे वळवली. तिचा चेहरा उजळला.

“देव्या,” ती म्हणाली, “उभा काय रेलास? बापूस दमला तुना. पानी दे त्याला.”

मुकेशने मुखवटा काढायला हात वर नेला होता, तो तसाच थांबला.

“हा आत्या, देतो,” देवानंद म्हणाला, आणि रांजणातून तांब्या भरून घेऊन लंगडत लंगडत मांडवाच्या मधोमध गेला.